हुकूम साहेबाचा, अक्कल आपली

नेसरीची खिंड आपल्याकडे शौर्याची म्हणून सांगितली जाते आणि ती शौर्याची आहेच. पण ज्यांना कुणाच्या हाताखाली काम करायचं आहे, किंवा कुणाकडून करवून घ्यायचं आहे, त्यांनी ती एकदा हुकमाची गोष्ट म्हणूनही वाचावी. एप्रिल 1673 मध्ये सरनोबत प्रतापराव गुजरांनी उमराणीला आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडलं आणि त्याच्या फौजेचं पाणी तोडलं. खान काकुळतीला आला आणि प्रतापरावांनी त्याला वाट दिली. शिवाजी महाराजांना हा सला मुळीच रुचला नाही. मोकळा सुटलेला खान पुन्हा स्वराज्यावर उलटणार हे दिसत होतं, आणि तो उलटलाच. तेव्हा महाराजांनी कळवलं की खानाला गाठून बुडवावं, एरवी तोंड दाखवू नये. सभासदाच्या बखरीचा आशय असा आहे. 24 फेब्रुवारी 1674 रोजी, आजच्या गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीजवळ, प्रतापराव सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. मुंबईकर इंग्रजांकडे गेलेल्या त्याच सुमाराच्या एका पत्रातही दोन डोंगरांमधली अरुंद वाट, सोबतचे सहा स्वार आणि मदतीला न पोहोचलेली फौज यांचा उल्लेख आहे. सभासदाने बखर लिहिली ती वीसएक वर्षांनी, जिंजीला. त्यामुळे निरोपाच्या नेमक्या शब्दांवर फार भार टाकू नये, पण घटनांचा क्रम पक्का आहे.

या क्रमात मला दोन चुका दिसतात आणि दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेच्या आहेत. उमराणीला सरनोबतांनी स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतला. सेनापतीला तेवढा अधिकार असायलाच हवा, त्यात वावगं काही नाही. पण मोहीम ज्यासाठी होती तेच त्या निर्णयात निसटलं. खान हरला एवढं पुरेसं नव्हतं, त्याचा उपद्रव मोडायचा होता. नेसरीला याच्या उलट झालं. हुकमाचं अक्षर न् अक्षर पाळलं गेलं आणि काम मात्र झालं नाही, कारण खान जिवंत राहिला आणि अवघ्या साडेतीन महिन्यांवर राज्याभिषेक आलेला असताना स्वराज्याचा सरनोबत गेला. सातांच्या बलिदानाला असा हिशेब लावावा का, असं कुणी विचारील. शौर्याला लावू नये, निर्णयाला जरूर लावावा. महाराजांना स्वतःलाही ही हानी लागली असणार. पुढे हंसाजी मोहिते हंबीरराव होऊन सरनोबतीवर आले, आणि 1680 मध्ये प्रतापरावांची लेक जानकीबाई राजाराम महाराजांची राणी झाली. घराणं सांभाळलं गेलं, पण मुरलेला सेनापती काही परत येत नाही.

चूक एकट्या प्रतापरावांच्या पदरात टाकून मोकळं होणं मला पटत नाही. निरोप बखरीत आहे तसाच गेला असेल, तर त्या हुकमाला परतीची वाटच नव्हती. फौज कमी पडतेय, जागा अडचणीची आहे, चार दिवस दम धरतो, असं कळवायलाही तोंड दाखवावं लागतं, आणि तेच बंद केलेलं. ज्या हुकमात माणसाची अब्रू डावावर लावलेली असते, तो वाचताना माणूस कामाचा विचार करत नाही, अब्रूचा करतो. आजच्या भाषेत ‘काहीही करून शुक्रवारपर्यंत झालं पाहिजे, कारणं सांगायला येऊ नका’ हा हुकूम त्याच जातीचा. असं सांगणाऱ्या साहेबाला शुक्रवारी काम झाल्याचं ऐकायला मिळतं. ते कशा अवस्थेत झालं, कुठे ठिगळ लावलं आणि कोणता कागद मागच्या तारखेचा जोडला, हे लेखापरीक्षणात कळतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा नमुनाही महाराजांच्याच दफ्तरात आहे, म्हणून ही टीका कुणाचं माप काढायला नाही. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं पत्र अनेकांना गवताच्या काडीसाठी आठवतं. मला ते हुकूम कसा द्यावा यासाठी आठवतं. पावसाळा तोंडावर आहे, पागेसाठी दाणागोटा आणि वैरण साठवलेली आहे, ती बेतानं वापरा. इतकं सांगून थांबणारे वरिष्ठ पुष्कळ. हे पत्र पुढे जातं. आताच उधळलंत तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग शिपाई रयतेचं धान्य, गवत, भाजी उचलतील. रयत गाव सोडील आणि लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. कुणी भलत्या जागी चूल मांडील, कुणी चिलीम ओढायला विस्तव नेईल, वारा सुटला असेल, एक ठिणगी गवतात पडेल आणि सगळ्या खणांची होळी होईल. रात्री दिवा तसाच ठेवलात तर पेटती वात उंदीर ओढून नेईल. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदराने नेलेल्या वातीपर्यंत उतरतो तो हौसेनं नाही. पत्रात नसलेला प्रसंग उद्या उभा राहिला, तर तिथल्या साध्या हवालदाराला कशाची काळजी घ्यायची हे आपणहून कळावं, हा त्यातला फायदा. कारणासकट दिलेला हुकूम खालच्या माणसाला विचार करायची मुभाही देतो आणि त्या विचाराची हद्दही आखून देतो.

आता आक्षेप. जो तो हुकमाचा हेतू शोधत बसला तर शिस्त राहील कशी? लष्कर, इस्पितळ, विमान अशा जागी ‘का’ विचारायला वेळ असतो का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. ठरलेल्या यादीप्रमाणे केलेल्या कामाने जीव वाचतात आणि प्रत्येकाने आपली कला दाखवायची ठरवली तर जातात. पण शिस्त आणि गप्प बसणं यांची गल्लत झाली की काय होतं, ते विमानांच्या धंद्यानेच सर्वांत महागात शिकून घेतलंय. 27 मार्च 1977 रोजी तेनेरीफ बेटाच्या धावपट्टीवर, दाट धुक्यात, केएलएम आणि पॅन ॲम यांची दोन बोइंग 747 विमानं एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. केएलएमचा कॅप्टन कंपनीतला नावाजलेला, नव्या वैमानिकांना शिकवणारा. त्याने पहिल्यांदा इंजिनांना जोर दिला तेव्हा सहवैमानिकाने सांगितलं की आपल्याला अजून परवानगी मिळालेली नाही, आणि कॅप्टन थांबला. पुढे टॉवरने फक्त उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला, निघायला सांगितलं नव्हतं, तरी कॅप्टन निघाला. या खेपेला सहवैमानिकाने त्याला अडवलं नाही. विमान धावू लागल्यावर फ्लाइट इंजिनिअरने विचारलं की ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाहेर पडलं नाही का? कॅप्टनने ठासून होकार दिला आणि विषय संपला.

तपशील पुन्हा बघा. वरिष्ठाला एकदा टोकणं सहवैमानिकाला जमलं होतं. त्याच माणसाला थोड्याच वेळात पुन्हा टोकणं मात्र जड जातं, कारण आपण फार शहाणपणा करतोय असं दिसेल ही भीती असते. आपल्या कचेऱ्यांतही पहिला आक्षेप पुष्कळ जण घेतात, दुसरा क्वचित कुणी. शिवाय इंजिनिअरने शंका प्रश्नाच्या रूपात मांडली आणि प्रश्नाला ‘हो’ म्हणून वाटेला लावता येतं. ‘मला ते विमान दिसत नाही, आपण थांबूया’ या वाक्याला नुसतं ‘हो’ पुरत नाही. पुढे विमान कंपन्यांनी सगळ्या चमूला एकत्र बसवून हेच शिकवायला घेतलं. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडायची आणि कॅप्टनने ती ऐकायची, हा कामाचाच भाग ठरला. शिस्त काही त्यामुळे ढासळली नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. खालच्या माणसाला सगळं चित्र दिसत नसतं, वरच्याकडे न सांगता येणारी कारणं असू शकतात. अगदी खरं. उमराणीचा धडा हाच आहे की मैदानावर उदार वाटणारा निर्णय राज्याच्या हिशेबात तोट्याचा ठरू शकतो. म्हणून मी कुणाला आपल्या मनाने वागण्याचा सल्ला देत नाही, आधी विचारण्याचा देतो. आणि विचारायची वेळ नसेल तर एकच कसोटी लावावी. हे केल्यावर मागे फिरता येईल का? फिरता येणार असेल तर आक्षेप नोंदवून हुकूम पाळावा. वरचा बरोबर निघाला तर प्रश्नच मिटला, चुकला तर दुरुस्ती होते. जीव, झाड, जमिनीचा ताबा, कुणाची नोकरी, असं काही कायमचं जाणार असेल, तर मात्र बोलणी खाऊनही थांबावं. थांबलो हे दुसऱ्या कुणी सांगण्याआधी वरिष्ठाला स्वतः कळवावं. परस्पर थांबून गप्प राहणारा आणि परस्पर खान सोडून देणारा, दोघांना मी एकाच रांगेत बसवतो.

‘असं वागणाऱ्याची बदली होते’ हे उत्तर मला पाठ आहे. होते. त्यावर हमखास औषध नाही, पण कागद आहे. अखिल भारतीय सेवांच्या 1968 च्या वर्तणूक नियमांत स्पष्ट म्हटलंय की अधिकाऱ्याने आपल्या उत्तम समजुतीप्रमाणे काम करावं. वरिष्ठाच्या आदेशाने करायचं तर तो आदेश सहसा लेखी असावा, आणि तोंडी दिलेला असल्यास शक्य तितक्या लवकर लेखी पक्का करून घ्यावा. खासगी कंपनीत हा नियम लागू नाही, पण संध्याकाळी दोन ओळींची मेल टाकायला कुणी अडवलेलं नसतं: आपण आज असं सांगितलंत, मला यात ही अडचण दिसते, तरी उद्या सकाळी सुरू करू का? कित्येक तोंडी हुकूम एवढ्या दोन ओळींनीच बदलतात, कारण लिहून द्यायची वेळ आली की साहेबही आपला हुकूम पहिल्यांदाच नीट वाचतो. ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांनी अशा मेलचा राग धरू नये. ती यायची बंद झाली तर मात्र चौकशी करावी.