क्वांटम कॉम्प्युटर : किती खरं, किती फुगवलेलं? मुलांना कसं सांगाल?



आजच्या लेखाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या तक्त्यासाठी मी मुलांना एक वाक्य सांगितलं होतं: "साधा कॉम्प्युटर एकेक उत्तर तपासतो, क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम तपासतो." वाक्य सोपं, मुलांना आवडलं, रंगीत अक्षरांत तक्त्यावर गेलं. मग नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, सगळी उत्तरं एकदम तपासली, तर त्यातलं बरोबर कोणतं हे त्याला कसं कळतं?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन वाचायला बसले तेव्हा कळलं, की तिची शंका बरोबर होती आणि माझं वाक्य चुकीचं.

त्याच आठवड्यात पालकसभेनंतर एक आई थांबल्या. एका खाजगी क्लासवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं, की पाच वर्षांत साधे कॉम्प्युटर भंगारात जाणार, म्हणून मुलाला आत्ताच 'क्वांटम कोडिंग'ला घाला. फी वर्षभराच्या शाळेच्या खर्चापेक्षा जास्त. "मॅडम, हप्त्याने भरू का?" असं त्या विचारत होत्या. म्हणजे बघा, आपण वर्गात सहज बोललेल्या एका वाक्याचा धागा कोणाच्या तरी घरखर्चापर्यंत जातो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

१) मूळ कल्पना : वजा चिन्हाची गंमत

साध्या कॉम्प्युटरचा बिट म्हणजे ० किंवा १. क्यूबिट हा ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. इथपर्यंत सगळे सांगतात. पण मोजमाप केलं की क्यूबिटमधून एकच उत्तर हाती लागतं, ० नाहीतर १. 'सगळी उत्तरं' कधीच बाहेर येत नाहीत. मग फायदा कुठे?

फायदा आहे व्यतिकरणात. पाण्याच्या हौदात दोन खडे टाका. जिथे एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खोलगटावर येतो, तिथे पाणी शांत होतं. क्वांटम अवस्थांनाही असंच अधिक किंवा वजा चिन्ह असतं. चुकीच्या उत्तराकडे जाणाऱ्या वाटा एकमेकींना खोडतील आणि बरोबर उत्तराकडच्या वाटा एकमेकींना बळ देतील, अशी मांडणी करणं हीच खरी करामत.

२) वर्गात करण्याची कृती : क्वांटम नाणं

पूर्णांकांची बेरीज येणाऱ्या मुलांना ही कृती सहज जमते. फळ्यावर हे नियम लिहा.

- नाणं छाप्यावर असेल तर दोन वाटा: छाप्याकडे (+), काट्याकडे (+).
- नाणं काट्यावर असेल तर दोन वाटा: छाप्याकडे (+), काट्याकडे (−).
- दोनदा उडवलं की प्रत्येक पूर्ण वाटेचं मूल्य ½. वाटेत वजा चिन्ह आलं तर −½.

आता छाप्यापासून सुरुवात करून दोनदा उडवा.

छापा → छापा → छापा : +½
छापा → काटा → छापा : +½
शेवटी छापा, एकूण १

छापा → छापा → काटा : +½
छापा → काटा → काटा : −½
शेवटी काटा, एकूण ०

या बेरजेचा वर्ग म्हणजे संभाव्यता. म्हणजे दोनदा उडवल्यावर क्वांटम नाणं नक्की छाप्यावरच येतं! साधं नाणं दोनदा उडवलं तरी निम्मी-निम्मीच शक्यता राहते, कारण साध्या संभाव्यतेला वजा चिन्ह नसतं. आणि क्वांटम नाणं पहिल्या उडीनंतर मध्येच डोकावून पाहिलं, तर ही खोडाखोड होत नाही, पुन्हा निम्मी-निम्मी शक्यता येते.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मशीनला बरोबर उत्तर आपोआप 'कळत' नाही. चुकीची उत्तरं खोडली जातील अशी पद्धत आधी माणसाला शोधावी लागते. अशा पद्धती मोजक्याच प्रश्नांसाठी सापडल्या आहेत. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची पद्धत दिली. लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये शोध घेण्याची पद्धत दिली. तिच्यात दहा लाख नोंदींतली एक शोधायला साधारण हजाराच्या घरात पावलं लागतात. फायदा मोठा आहे, पण 'एका क्षणात' नाही. टायपिंग, व्हिडिओ, हिशेब यांसाठी आपला साधा कॉम्प्युटरच राहणार आहे.

३) बातमी आणि बातमीमागची गोष्ट

२०१९ मध्ये गूगलने जाहीर केलं, की त्यांच्या ५३ क्यूबिटच्या 'सिकामोर' चिपने २०० सेकंदांत केलेलं काम सर्वांत मोठ्या महासंगणकाला करायला १०,००० वर्षं लागतील. जगभर मथळे झाले. लगेच आयबीएमने म्हटलं, नीट मांडणी केली तर आमच्या अंदाजाने अडीच दिवस पुरतील. पुढे चीनमधल्या संशोधकांनी ५१२ ग्राफिक्स प्रोसेसर वापरून तशाच प्रकारचं काम सुमारे १५ तासांत करून दाखवलं.

मग गूगल खोटं बोललं का? नाही. प्रयोग खरा होता. पण १०,००० वर्षं हा तेव्हा माहीत असलेल्या पद्धतीवरून काढलेला अंदाज होता, आणि पद्धती सुधारतात. दुसरं म्हणजे ते काम क्यूबिटची चाचणी घेण्यासाठीच निवडलेलं होतं. त्यातून ना औषध सापडणार होतं, ना हवामानाचा अंदाज.

डिसेंबर २०२४ मध्ये 'विलो' ही १०५ क्यूबिटची चिप आली, तेव्हाही मथळ्यात वर्षांचा अवाढव्य आकडाच होता. खरी महत्त्वाची गोष्ट मात्र आतल्या मजकुरात होती. चुका दुरुस्त करण्यासाठी क्यूबिटचा गट ३×३ वरून ५×५ आणि ७×७ असा वाढवला, तसा चुकांचा दर प्रत्येक वेळी सुमारे निम्म्यावर आला. क्यूबिट अतिशय नाजूक असतात. उष्णता आणि बाहेरच्या विद्युत-चुंबकीय गोंधळाने त्यांची अवस्था बिघडते. गट वाढवला की चुका वाढण्याऐवजी कमी होणं, हे संशोधक किती वर्षं साधायला बघत होते.

४) शंका घेणारेही अभ्यासक आहेत

मुलांना हेही सांगा, की शंका घेणं म्हणजे विज्ञानाला विरोध नव्हे. इस्रायलचे गणिती गिल कलाई यांचं म्हणणं, की हा गोंधळ पुरेसा कमी करणं मुळातच शक्य होणार नाही. भौतिकशास्त्रज्ञ मिखाईल द्याकोनोव्ह यांनी २०१८ मध्ये लेख लिहून असा मुद्दा मांडला, की हजार क्यूबिटची अवस्था सांगायला लागणाऱ्या संख्यांची गणती इतकी प्रचंड आहे, की तिच्यावर ताबा ठेवणं अवघड. इतर शास्त्रज्ञ त्यांना प्रयोगांनी आणि गणिताने उत्तर देतात. 'सगळं थोतांड आहे' असं म्हणून उठून जाणं सोपं असतं. नेमकं काय जमणार नाही आणि का, हे सांगणारी शंका उपयोगी असते, कारण ती तपासता येते.

५) "मग आपल्या बँकेचं काय?"

हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. आपले ऑनलाइन व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या काही पद्धती मोठ्या संख्यांचे अवयव पाडणं कठीण आहे, यावर उभ्या आहेत. शोर यांच्या पद्धतीने २००१ मध्ये सात क्यूबिटवर १५ = ३ × ५ करून दाखवलं गेलं. हे आपल्या पाचवीच्या मुलाला तोंडपाठ! खऱ्या वापरातल्या संख्या ६०० हून अधिक अंकी असतात. त्यांच्यासाठी २०१९ चा अंदाज होता २ कोटी क्यूबिट आणि आठ तास. २०२५ मध्ये तो १० लाखांपेक्षा कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ असा खाली आला. आजच्या बहुतेक मोठ्या यंत्रांत क्यूबिट शेकड्यांत, फार तर हजाराच्या आसपास असतात.

म्हणजे उद्या खातं रिकामं होणार नाही. पण अंदाज खाली येतोय हेही खरं. म्हणूनच अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या सुरक्षा पद्धतींची पहिली तीन मानकं जाहीर केली. घाबरू नये आणि गाफीलही राहू नये, असा हा मामला आहे.

६) कोणतीही बातमी किंवा जाहिरात वाचताना चार प्रश्न

१. नेमका कोणता प्रश्न सोडवला? उपयोगाचा की चाचणीचा?
२. तुलना कशाशी केली? साध्या कॉम्प्युटरच्या सर्वांत चांगल्या पद्धतीशी का?
३. क्यूबिट किती हे सांगितलं, पण चुका किती हे सांगितलं का?
४. सांगणाऱ्याला यातून काय मिळणार आहे?

हे चार प्रश्न मी त्या आईंना कागदावर लिहून दिले. चार दिवसांनी त्या म्हणाल्या, "मॅडम, मी पहिलाच प्रश्न विचारला, तर ते म्हणाले डेमोला या." फी त्यांनी भरली नाही.

पण "या विषयात काहीच नाही" असं मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. आपल्या देशाने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. खर्च ६,००३.६५ कोटी रुपये, मुदत २०३०-३१ पर्यंत. आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटचे संगणक तयार करणं, हे त्यातलं एक उद्दिष्ट. मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटी, पुण्यात आयसर इथे या क्षेत्रात काम चालतं. तिथे जायचा रस्ता गणित, भौतिकशास्त्र आणि प्रयोगशाळेतल्या कामातून जातो. नववीतल्या मुलासाठी बीजगणित, संभाव्यता आणि लाटांचा धडा पक्का असणं, हीच आत्ताची तयारी.

आमच्या वर्गातला तक्ता आम्ही बदलला. जुनं वाक्य खोडलं नाही, त्यावर एक रेघ मारली आणि खाली त्याच मुलीच्या अक्षरात नवं वाक्य लिहिलं: "क्वांटम कॉम्प्युटर काही खास प्रश्नांत चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतील अशी मांडणी करतो."

नाण्याची कृती तुमच्या वर्गात किंवा घरी करून बघा, आणि मुलांनी काय विचारलं ते नक्की कळवा. उत्तर लगेच आलं नाही, तर "उद्या वाचून सांगते" म्हणायला लाजू नका. मी तेच केलं होतं.