विषबाधा : माहिती, प्रतिबंध आणि राज्याची जबाबदारी

मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्ताचा दृष्टांत आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांनी वंदनेनंतरच्या प्रवचनात कधी ना कधी ऐकलेला आहे. एका मनुष्याला विषारी बाण लागतो. आप्त शल्यवैद्याला बोलावतात. परंतु तो म्हणतो, बाण मारणारा कोणत्या वर्णाचा, कोणत्या गावचा, त्याचे धनुष्य कशाचे, हे कळल्याखेरीज मी बाण काढू देणार नाही. ही उत्तरे मिळण्यापूर्वीच तो मरून जाईल, असे तथागत सांगतात. ज्या प्रश्नांनी दुःखाचा निरास होत नाही त्यांत गुंतू नये, हा त्याचा इत्यर्थ. पण ज्या प्रश्नांनी दुःख दूर होते, ते विचारलेच पाहिजेत, हेही त्यातच आले. विषबाधेच्या प्रसंगी असे प्रश्न चार असतात : कोणते विष, किती, केव्हा, आणि आता काय करावे? या प्रश्नांना तत्काळ उत्तर देणारी व्यवस्था कोणी उभारावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

इतिहासाच्या शिक्षकाने हा विषय का घ्यावा, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी भाद्रपदातील एका रात्री आपल्या एका माजी विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. त्याचे वडील दुसऱ्याच्या कपाशीवर रोजाने फवारणी करून संध्याकाळी घरी आले होते. अंगाला दरदरून घाम सुटला होता, तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांपुढे अंधुक दिसत होते. "सर, काय करू?" एवढेच तो विचारीत होता. त्याच्या ओळखीत शिकलेला मनुष्य मीच. "दवाखान्यात न्या," यापलीकडे मला काही सांगता आले नाही. तोवर शेजाऱ्यांनी मिठाचे पाणी पाजून उलटी करविली होती. औषधाने भिजलेले कपडे अंगावर तसेच ठेवून त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसविले. बाटली शेतातच राहिली. पहिल्या दवाखान्यात विचारले गेले, काय फवारले होते? उत्तर होते, "पांढऱ्या बाटलीतले औषध." ते वाचले, परंतु पाठीवर पंप घेण्याची ताकद पुन्हा आली नाही, आणि उपचाराचे कर्ज मुलाने फेडले. पुढे वाचनात आले की अशाच प्रश्नांना रात्रंदिवस उत्तर देणारे एक शासकीय केंद्र दिल्लीत १९९५ पासून चालू आहे. एम. ए. झालेल्या शिक्षकाला ते ठाऊक नव्हते, मग रोजंदारीवरच्या मजुराला कोठून असणार?

माहिती केंद्रांचा आरंभ

अशा केंद्रांची कल्पना प्रथम अमेरिकेत आकारास आली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील घराघरांत नवनवी रसायने आली : साबण, रंग, कीटकनाशके, वेदनाशामक गोळ्या. लहान मुले ती गिळू लागली. बाटलीत नेमके काय आहे हे डॉक्टरांनाही ठाऊक नसे. शिकागोतील लुई गडालमन या औषधनिर्मात्याने निरनिराळ्या उत्पादनांतील घटकांची व त्यांवरील उपचारांची माहिती कार्डांवर टिपून ठेवण्यास सुरुवात केली होती. डॉ. एडवर्ड प्रेस यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये शिकागो येथे पहिले विष नियंत्रण केंद्र सुरू झाले. पुढे अशी केंद्रे देशभर निघाली. १९७० च्या दशकात त्यांची संख्या सहाशेवर गेली, परंतु अनेक ठिकाणी एक दूरध्वनी व काही पुस्तके यांपलीकडे काही नव्हते. म्हणून प्रशिक्षित कर्मचारी असलेली थोडी, पण सक्षम प्रादेशिक केंद्रे ठेवण्याचे धोरण हळूहळू रूढ झाले. आज तेथे पन्नासच्या वर केंद्रे आहेत.

पैशाचा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता. रुग्णालये, विद्यापीठे व राज्ये यांच्या तुटपुंज्या मदतीवर केंद्रे चालत आणि काही बंद पडत. अखेर २००० साली अमेरिकी काँग्रेसने स्वतंत्र कायदा केला. देशभर एकच विनामूल्य क्रमांक, जनजागृतीची मोहीम आणि केंद्रांना संघीय अनुदान, या त्याच्या मुख्य तरतुदी. केंद्राकडे येणाऱ्या प्रकरणांपैकी सुमारे दोन-तृतीयांश प्रकरणे रुग्णालयात न जाता, सल्ल्यावरच घरी हाताळली जातात. २०१२ मध्ये लुईन ग्रुप या संस्थेने या केंद्रांच्या संघटनेसाठी केलेल्या अभ्यासात, केंद्रांवरील एका डॉलरच्या खर्चामागे तेरा डॉलरहून अधिक वाचतात, असा हिशेब मांडला. अभ्यास संघटनेनेच करविला असल्याने आकड्याकडे सावधपणे पाहावे, परंतु दिशा स्पष्ट आहे. असे असूनही २०११ मध्ये हे अनुदान जवळजवळ संपविण्याचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात पुढे आला. तो तसाच टिकला नाही, तरी कपात झालीच. टळलेला मृत्यू कोणाला दिसत नाही, म्हणून अंदाजपत्रकात अशा खर्चावर प्रथम कात्री चालते. कायद्याचे पाठबळ आवश्यक ठरते ते यासाठीच.

आपल्या देशातील वाटचाल

भारतात या प्रश्नाकडे लक्ष वेधले ते एका मोठ्या दुर्घटनेने. १९५८ मध्ये केरळ व तत्कालीन मद्रास राज्यांत पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेले अन्न खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वाहतुकीत धान्यपदार्थ व कीटकनाशक एकत्र ठेवले गेले होते. चौकशी झाली, समित्या बसल्या, आणि दहा वर्षांनी कीटकनाशक अधिनियम, १९६८ संमत झाला. त्याचे नियम १९७१ चे. बाटलीवरील रंगीत चौकोन ही त्याच नियमांची देणगी : लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा तीव्र विषारी, निळा मध्यम, हिरवा सौम्य. कीटकनाशकामुळे झालेल्या विषबाधेची प्रत्येक घटना कळविणे बंधनकारक करण्याचा अधिकारही अधिनियमाच्या कलम २६ ने राज्य शासनाला दिला आहे.

१९९५ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विष माहिती केंद्र स्थापन झाले. त्याचा विनामूल्य क्रमांक १८०० ११६ ११७ असा आहे. डॉक्टर, परिचारिका व सामान्य नागरिक, कोणीही तेथे विचारणा करू शकतो. एवढ्या मोठ्या व बहुभाषिक देशाला अशी मोजकी केंद्रे पुरणार नाहीत, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

ती कशी पुरत नाहीत, हे २०१७ च्या खरीप हंगामाने दाखविले. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. काहींची दृष्टी बाधित झाली. शासनाने विशेष तपास पथक नेमले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत रक्तातील कोलिनेस्टरेझची तपासणी महत्त्वाची असते, परंतु तिची सोय जिल्ह्यात नव्हती, ही गोष्ट तेव्हा उघड झाली. हंगामाच्या आरंभीच काही रुग्ण दाखल झाले होते. त्यांची नोंद एकत्र करून वेळीच धोक्याची सूचना देणारी यंत्रणा असती, तर पुढील अनेक जण सावध झाले असते. विष माहिती केंद्राचे दुसरे काम हेच असते : येणाऱ्या प्रश्नांवरून साथ ओळखणे.

निवासी शाळा चालविणाऱ्यांनी आणखी एक घटना विसरता कामा नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतील मध्यान्ह भोजन घेतल्यावर २३ मुले मरण पावली. अन्नाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. १९५८ चा धडा पंचावन्न वर्षांनंतरही एका शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेला नव्हता.

खर्च कोणाचा?

विषाचा व्यापार कोणी करावा हा प्रश्न बुद्धाने उपासकांपुढे स्पष्टपणे मांडला. उपासकाने वर्ज्य करावयाच्या पाच व्यापारांत शस्त्र, प्राणी, मांस व मद्य यांच्याबरोबर विषही आहे. आजच्या शेतीत कीटकनाशके एकाएकी नाहीशी होणार नाहीत. परंतु ज्या व्यवहारातून नफा होतो, त्या व्यवहारातून होणाऱ्या हानीची भरपाई मजुराच्या शरीराने करावी, हे सम्यक आजीविकेत बसत नाही.

राज्याने आरोग्यावर खर्च करावा ही कल्पनाही आपल्याकडे परकी नाही. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात मनुष्य व पशू या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याचे कोरून ठेवले आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले. मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून अमलात आणता येत नाहीत म्हणून ती निरर्थक होत, या आक्षेपाला बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत उत्तर दिले : सत्तेवर येणाऱ्याला न्यायालयापुढे नसले, तरी मतदारांपुढे त्यांचे उत्तर द्यावेच लागेल. पुढे १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तातडीचा उपचार हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग ठरविला आणि आर्थिक टंचाईची सबब राज्याला सांगता येणार नाही, असे बजावले. तो खटला एका मजुराला अनेक रुग्णालयांनी परत पाठविल्यातून उभा राहिला होता, हे ध्यानात घ्यावे.

फवारणीचा पंप ज्याच्या पाठीवर असतो, तो बहुतेक वेळा शेताचा मालक नसतो. त्याला बाटलीवरील बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. मोजे, चष्मा, मुखपट्टी त्याला कोणी देत नाही. त्याच्यासाठी माहिती बाजारातून विकत घेण्याची वस्तू होऊ शकत नाही. म्हणून ती राज्याने पुरवावी.

मागणी काय करावी?

प्रत्येक महसूल विभागातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तास मराठीतून उत्तर देणारे विष माहिती केंद्र असावे आणि त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र, कायमची तरतूद असावी. जिल्हा रुग्णालयात कोलिनेस्टरेझ तपासणी व उतारे हंगामापूर्वीच उपलब्ध असावेत. कलम २६ खाली नोंदी होतात की नाही, हे ग्रामसभेने विचारावे. अत्यंत विषारी द्रव्ये बाजारातूनच काढून टाकणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंध होय. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉससह काही कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले.

आपल्या हातातील गोष्टी

राज्याकडे मागणी करीत असतानाच पुढील गोष्टी प्रत्येक घरी पाळाव्यात.

१. कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणणे सोडावे. मुलांसमोर त्याला विषच म्हणावे.

२. ते धान्य, तेल वा पाण्याजवळ ठेवू नये. दुसऱ्या बाटलीत ओतू नये. रिकामा डबा धुऊनही घरात वापरू नये.

३. विषबाधा झाल्यास भिजलेले कपडे काढून अंग साबण व पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले असल्यास स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावेत. मदत करणाऱ्याने स्वतःचे हात झाकावेत.

४. मिठाचे पाणी, दूध, तूप देऊ नये. उलटी करवू नये. बेशुद्ध मनुष्याला कुशीवर झोपवावे.

५. १०८ ला बोलवावे. बाटली किंवा तिचे वेष्टन, आणि वेळेची नोंद, रुग्णाबरोबर न्यावी.

आपल्या वसतिगृहात स्वयंपाकघराच्या दारावर हे पाच नियम व दोन्ही क्रमांक लावलेले आहेत. दर वर्षी जूनमध्ये विद्यार्थी ते वहीत उतरवून सुटीत घरी नेतात. त्या रात्री दूरध्वनी करणाऱ्या विद्यार्थ्याची धाकटी मुलगी आज सहावीत आहे. तिच्या वहीतही ते आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या समाजमंदिरात, बुद्धविहारात व कृषी केंद्राच्या भिंतीवर ते लावावेत, आणि पुढच्या निवडणुकीत मत मागण्यास येणाऱ्याला विष माहिती केंद्राविषयी एक प्रश्न जरूर विचारावा.

जय भीम. नमो बुद्धाय.