घरदुरुस्तीचे कर्ज : नुसता टक्का पाहू नका, हिशेब मांडा



मृग जवळ आला की घरोघरी एकच बोलणे सुरू होते. कौले सरकली आहेत, वासा कुजला आहे, मागची भिंत भेगाळली आहे. "औंदा बिल आलं की बघू," म्हणून काम पुढे ढकलले जाते. बिल येते, त्यातून सोसायटीची वसुली होते, उरलेले पोरांच्या फीला आणि दवाखान्याला जाते. मग एखाद्या पावसात छप्पर खाली येते आणि त्याच आठवड्यात मिळेल त्या दराने पैसा उचलावा लागतो. 'शेकडा तीन' ऐकायला लहान वाटते, पण तो दर महिन्याचा असतो. म्हणजे साल ३६ टक्के. एक लाखाला वर्षाचे ३६,००० रुपये नुसते व्याज, आणि मुद्दल जागच्या जागी!

म्हणून घर धड असतानाच, शांत डोक्याने, स्वस्त कर्ज कसे ओळखावे ते आजच्या पाठात पाहू.

१. स्वस्त दिसणारे महाग कर्ज

समजा, एका सभासदाला छप्पर व भिंतीसाठी १,००,००० रुपये हवेत. फेड पाच वर्षांत, दर साल मुद्दलापैकी २०,००० रुपये. दोन ठिकाणी चौकशी केली. एक म्हणतो ७ टक्के, दुसरा म्हणतो १० टक्के. कोणते घ्यावे?

"सात टक्क्यांचं! त्यात विचारायचं काय?" असे कोणीही म्हणेल. पण थांबा. पहिल्याचे व्याज फ्लॅट आहे. म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पाचही वर्षे पुऱ्या लाखावरच. दुसऱ्याचे व्याज घटत्या शिलकीवर आहे. म्हणजे जेवढे मुद्दल उरले तेवढ्यावरच.

पहिला, ७ टक्के फ्लॅट : दर साल ७,००० प्रमाणे पाच वर्षांचे व्याज ३५,००० रुपये.

दुसरा, १० टक्के घटत्या शिलकीवर : १०,००० + ८,००० + ६,००० + ४,००० + २,००० = ३०,००० रुपये.

पाहिलेत? दहा टक्केवाले कर्ज सात टक्केवाल्यापेक्षा ५,००० रुपयांनी स्वस्त पडले. आणि ७ टक्केच, पण घटत्या शिलकीवर मिळाले, तर व्याज फक्त २१,००० रुपये. तेव्हा दर विचारल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारावा, "साहेब, व्याज पुऱ्या रकमेवर की शिलकीवर?" हे विचारण्यात कमीपणा नाही.

२. हप्ता उसाच्या चालीने

मुदत वाढवली की हप्ता हलका होतो, पण व्याज वाढते. वरचेच कर्ज ७ टक्क्यांनी, शिलकीवर, दहा वर्षांत फेडले तर पहिल्या वर्षाचा भरणा २७,००० ऐवजी १७,००० होतो. मात्र एकूण व्याज २१,००० वरून ३८,५०० वर जाते. झेपेल तेवढीच मुदत घ्यावी; उगाच लांबवू नये आणि फुशारकीने तोडूही नये.

इथे ऊसवाल्याची एक अडचण नोकरदाराला नसते. एकाच रानात अडसाली करणाऱ्याने २०२४ च्या जुलैत लागण केली असेल तर पहिले बिल २०२५-२६ च्या हंगामात, खोडव्याचे २०२६-२७ ला. पुढे रान मोडून २०२७ च्या जुलैत पुन्हा लागण, म्हणजे २०२७-२८ चा हंगाम कोरडा. तीन वर्षांत बिले दोनच. हप्ते मात्र तीन! ज्या वर्षी बिल नाही त्या वर्षीचा हप्ता आदल्या बिलातून बाजूला काढून ठेवावा. हप्त्याची तारीखही हंगाम संपताना, मार्च-एप्रिलची, मागून घ्यावी. जूनमध्ये बी-बियाणे आणि शाळा दोन्ही डोक्यावर असतात.

आणखी एक. पीककर्जाचा पैसा घराला लावू नये. खताचा हप्ता चुकतो, टनेज घटते, कर्ज थकते आणि मुदतीत फेडल्याची व्याजसवलतही जाते.

३. कागदपत्रे

शेताचा ८-अ आणि घराचा नमुना ८ यांत पुष्कळांची गफलत होते. ८-अ हा जमिनीचा खातेउतारा, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घराच्या आकारणीचा. घर अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर वारसनोंद आधी उरकावी. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका काढून ठेवावी. तारणाला ती उपयोगी पडते. गवंड्याकडून कामाचा अंदाज लेखी घ्यावा. आधी छप्पर, मग भिंत, मग फरशी. रंग सर्वांत शेवटी.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी व वित्त कंपन्यांनी अशा कर्जाच्या मुख्य बाबींचा एक कागद कर्जदाराला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याला केएफएस म्हणतात. त्यात प्रक्रिया शुल्क वगैरे धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय, येत नसेल तर पोराकडून वाचून घेतल्याशिवाय, सही करू नये. पतसंस्थेत गेलात तर हीच माहिती स्वतः विचारून लिहून घ्यावी. कर्ज फिटल्यावर बँकेने घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत करायचे, हाही नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.

सरकारी सवलती येतात आणि मुदत संपून जातातही. उदाहरणार्थ, २०१७ साली केंद्र सरकारने ग्रामीण घरबांधणी व सुधारणेसाठी २ लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज अनुदानाची योजना मंजूर केली होती. तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता, आज काय चालू आहे ते ग्रामसेवक व बँकेकडे आधी विचारावे आणि मगच गवंड्याला इसार द्यावा.

स्वाध्याय

६०,००० रुपये, तीन वर्षे, दर साल मुद्दल २०,००० रुपये. ८ टक्के फ्लॅट बरे की ९ टक्के शिलकीवर? घरात मुलामुलींना बसवून सोडवून घ्या. उत्तर : फ्लॅटचे व्याज १४,४०० रुपये, शिलकीवरचे १०,८०० रुपये.

उसाचा वजनकाटा आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. कर्जाचा काटाही तसाच पाहावा. घर आपले आहे, आणि घामाचा पैसाही आपलाच आहे.