बाबांचा फंड, प्लॉट आणि इन्कम टॅक्स

आपल्या होस्टेलमधल्या बऱ्याच जणांचे बाबा वेकोलित, थर्मलला नाहीतर बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये आहेत. रिटायरमेंट जवळ आली की घरी दोन प्रकारचे लोक चकरा मारू लागतात, विमावाले आणि प्लॉटवाले. दिवाळीत आमच्याकडे असाच एक प्लॉटवाला आला. मोहर्ली रोडला जागा, ताडोबा जवळ, भाव वाढणारच! वर म्हणाला, "काका, फंडाचा पैसा जमिनीत वळवा, टॅक्स लागत नाही. तोटा झाला तरी तो टॅक्समधून वजा होतो." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, "इंजिनिअर होतोस ना, सांग आता." मला काही सांगता आलं नाही. मग सुट्टीभर तेच वाचत बसलो.

पहिली गोष्ट, 'फंड वळवणे'. अमेरिकेत निवृत्तीचा पैसा कर न भरता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेतात, त्याला रोलओव्हर म्हणतात. काही खात्यांतून जागाही घेता येते. तिथे कर भरायचा बाकी असतो, म्हणून ही खटपट. आपल्याकडे नोकरी बदलली की पीएफ ट्रान्सफर होतो, तेवढाच रोलओव्हर. सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतर मिळणारा पीएफ सर्वसाधारणपणे करमुक्तच असतो, आणि खाजगी व महामंडळाच्या नोकरीत ग्रॅच्युइटीही 20 लाखांपर्यंत. मग प्लॉट घेऊन वाचवायचा कोणता टॅक्स? घर विकून झालेला नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात घातला तर कर वाचतो हे खरं, पण ती सवलत नफ्याला आहे, फंडाला नाही.

आता तोटा. इथे प्लॉटवाल्याने अर्धंच सांगितलं होतं. समजा, 10 लाखांचा प्लॉट तीन वर्षांनी 7 लाखांना गेला. हे 3 लाख पेन्शनमधून वजा होत नाहीत, एफडीच्या व्याजातूनही नाहीत. जागा 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली असेल तर तो दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा. तो फक्त तशाच दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो. आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न वेळेत भरला असेल तरच. ज्या माणसाकडे दुसरं काही विकायलाच नाही त्याने तो तोटा आठ वर्षं सांभाळून करायचं काय?

अजून एक गंमत पाहा. 2012-13 मध्ये 10 लाखांना घेतलेला प्लॉट 2025-26 मध्ये 12 लाखांना विकला. महागाई निर्देशांक 200 वरून 376 वर गेला, म्हणजे महागाई धरून खरेदी 18.8 लाखांची. जुन्या नियमाने 6.8 लाखांचा तोटा दाखवता आला असता. 23 जुलै 2024 पासून ते बंद. तेव्हाच्या आधी घेतलेल्या जागेसाठी निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा पर्याय आहे, त्यामुळे या व्यवहारावर कर लागणार नाही, पण 6.8 लाखांचा तोटाही कागदावर येत नाही. खिशातून मात्र गेलेलाच असतो.

शेतजमीन असेल तर प्रकरण वेगळंच. गडचिरोली नगरपरिषदेच्या हद्दीपासून 2 किलोमीटर, चंद्रपूर महापालिकेपासून 6 किलोमीटर, या सरळ रेषेतल्या अंतराबाहेरची शेती ग्रामीण धरली जाते (जवळ दुसरी नगरपरिषद नसेल तर). तिच्या नफ्यावर कर नाही, म्हणून तोट्यालाही हिशोबात जागा नाही.

आणि हे सगळं जमीन विकता आली तर! आपल्या भागात टॅक्सच्या आधी सातबारा वाचावा लागतो. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. घेतली तर व्यवहार रद्द होऊन जमीन परत जाऊ शकते. दुसरी भानगड झुडपी जंगलाची. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, आपले दोन्ही त्यात आले, अशी नोंद असलेली 86 हजार हेक्टरांच्या वर जमीन आहे. वर्षानुवर्षं लोक तिला पडीक समजत आले. 22 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने ती वनजमीनच असल्याचा निकाल दिला.

परतताना बाबांना म्हटलं, आधी सातबारा मागा, अकृषक आदेशाची प्रतही मागा. त्यांनी फोन केला. प्लॉटवाला म्हणाला, "काका, टोकन द्या, कागद मागाहून देतो." टोकन अजून दिलेलं नाही. आई म्हणते, तेवढ्यात छताची गळती तरी काढून घ्या.