खराब दाणा टाकायचाच

पोरी, राजापेठेत आता तुझं वेगळं बिऱ्हाड झालं, वर्षाचं धान्य तूच भरशील. अन्न टाकू नये हे मीच तुला शिकवलं. पण बुरशी लागलेल्या दाण्याला तो नियम लागू नाही.

शेंगदाणे आणले की परातीत पसरून निवड. सुरकुतलेले, काळपट, किडके, हिरवट-पिवळी भुकटी धरलेले सगळे काढ. अधूनमधून एखाद्या दाण्याची डाळ वेगळी करून पाहा. वरून चांगल्या दिसणाऱ्या दाण्याच्याही मधल्या खाचेत बुरशी बसलेली सापडते. विष बहुतेक अशा मोजक्या दाण्यांतच साठतं, म्हणून निवडण्याचे कष्ट वाया जात नाहीत. तोंडात कडू दाणा आला तर गिळू नको, थुंकून टाक. विकतचं कूट आणूच नको, त्यात काय कुटलंय ते दिसत नाही. मिरचीही फोडून बघ, आत करडं जाळं असलं तर ती तिखटात नको.

भाजलं की झालं, असं समजू नकोस. अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्या विषाला. भाजून थोडं कमी होतं, संपत नाही. उकळीला तर ते दादच देत नाही.

वाळवण कडक उन्हात कर, दाणा दाताखाली कटकन मोडला पाहिजे. उन्हातलं गरम धान्य लगेच कोठीत भरायचं नाही, आत घाम सुटतो. पोतं फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेव.

दुधाचंही बघ. आपल्या अकोल्याकडे सरकीच्या ढेपेचा मोठा व्यापार, म्हशींना तीच घालतात. ओल्या जागी ठेवलेल्या ढेपेला बुरशी चढली तर तिचं विष दुधात उतरतं आणि दूध तापवून ते जात नाही. गवळ्याला विचार बाई, ढेप कुठं ठेवतो म्हणून. विचारण्यात कसला आला संकोच?

निवडून काढलेलं कामवालीला देऊ नकोस, गाईलाही घालू नकोस. याबाबतीत मी फार कडक आहे. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका आदिवासींच्या खाण्यात आला. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, 100च्या वर माणसं गेली. त्यांच्या घरची कुत्रीही तेच खाऊन मेली. गरिबाकडे दुसरं धान्य नव्हतं; आपल्याकडे आहे.

तिथं विष एकदम जास्त गेलं. थोडंथोडं वर्षानुवर्षं जात राहिलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो, आणि ज्याला हेपॅटायटिस बी आहे त्याला हा धोका कितीतरी पटींनी अधिक. म्हणून जावईबापूंची आणि तुझी ती तपासणी करून घ्या. पुढं बाळ होईल, तेव्हा दवाखान्यात गडबडीत विसरू नका: त्याला हेपॅटायटिस बीची लस जन्मल्यापासून 24 तासांच्या आत टोचायची, आणि पुढचे डोसही वेळेवर द्यायचे.