टेकडीवरचा किल्ला

मुलांनो, दिवाळीत तुम्ही मातीचा किल्ला केला असेल. चला, आज आपण दूर इंग्लंडमधला एक खराखुरा किल्ला पाहू.

लंडनच्या वायव्येला हॅरो नावाची वस्ती आहे. भारतातून गेलेली पुष्कळ कुटुंबे तेथे राहतात. हॅरोच्या टेकडीवर एक जुनी शाळा आहे. पंडित जवाहरलाल नेहरू १९०५ ते १९०७ या काळात तेथे शिकत होते. शाळेजवळच्या चर्चच्या आवारात उभे राहा. हवा स्वच्छ असेल, तर सुमारे वीस किलोमीटरवर एक किल्ला दिसतो. तोच विंडसरचा किल्ला!

आता आपण जवळ जाऊ. थेम्स नदीच्या काठी एक उंच टेकडी आहे. सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वी विल्यम राजाने तेथे मातीची भर घालून टेकाड केले. त्यावर लाकडी गढी उभारली. पुढे दुसऱ्या हेन्री राजाने दगडी बुरूज बांधला. तो आजही उभा आहे. टेकाडाभोवतीचा खंदक कोरडाच आहे. त्यात आता सुंदर बाग आहे. राजघराणे अजूनही या किल्ल्यात राहते, पण तिकीट काढून आपल्यालाही किल्ला पाहता येतो.

२० नोव्हेंबर १९९२ रोजी येथे मोठे संकट आले. एका दिव्याच्या उष्णतेने पडदा पेटला. पाहता पाहता आग पसरली. नोकर आणि सैनिक धावले. त्यांनी रांग करून चित्रे व सामान हातोहात बाहेर काढले. आग विझायला सुमारे पंधरा तास लागले. शंभराहून जास्त खोल्यांचे नुकसान झाले.

किल्ला पुन्हा उभा करायला पाच वर्षे लागली. सुतारांनी मोठ्या दालनावर ओकच्या लाकडाचे नवे छत चढवले. एवढा पैसा कोठून आला? लंडनमधला बकिंगहॅम राजवाडा १९९३ साली लोकांना पाहण्यासाठी खुला झाला. तेथील तिकिटांच्या पैशांतून खर्चाचा मोठा भाग भागला. पाहायला आलेल्या लोकांचा असा हातभार लागला!

आपल्याकडेही रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग असे किल्ले आहेत. २०२५ साली महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांचे दगड ऊन, पाऊस, वारा सोसत उभे आहेत. त्यांच्यावर आपले नाव कोरू नका. कचरा तेथे टाकू नका, पिशवीत घालून परत आणा. तुमच्या नातवंडांनाही तो बुरूज पाहायचा आहे ना?