बोटीवरचे नाव

जनावरांची औषधे विकणाऱ्याने समुद्रातील शर्यतीवर पैसा का घालावा? फ्रान्सच्या विरबॅक कंपनीने तो घातला. कारण काहीसे घरचेच. संस्थापकाचे चिरंजीव ज्याँ-पिएर डिक हे पशुवैद्य, पण रमले शिडाच्या बोटीत. तरी धंद्याचा हिशेबही पाहा. या शर्यतींत पैसे देणाऱ्याचे नाव हेच बोटीचे नाव असते. बातमी देणाऱ्याला ते गाळताच येत नाही. आम्ही कापडवाले पाटीवर खर्च करतो. पाटी दुकानापुरतीच दिसते.

२०१३ साली वेंदे ग्लोब या एकट्याने, न थांबता करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेत 'विरबॅक-पाप्रेक ३'ची तोल राखणारी कील तुटून गेली. डिक यांनी अडीच हजारांहून अधिक सागरी मैल बोट तशीच हाकली व चौथे आले. पहिला नंबर हुकला, पण नाव गाजले.

पाप्रेक म्हणजे रद्दी-भंगारावर प्रक्रिया करणारी कंपनी, खर्चातील जोडीदार. २००८ साली बार्सिलोना वर्ल्ड रेस जिंकणारी बोट 'पाप्रेक-विरबॅक २' होती. २०११ साली जिंकली ती 'विरबॅक-पाप्रेक ३'. २०१६ च्या वेंदे ग्लोबला बिस्किटवाले सँ मिशेल पुढे, विरबॅक मागे. भागीदारीत जाहिरात करणाऱ्या बांधवांनी आधी कोणाचे नाव, हे पैसे मोजण्यापूर्वीच कागदावर घ्यावे.